तात्पर्य काढतात, बोध घेतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीतल्या मुलीने कथालेखनात लाकूडतोड्याची गोष्ट पूर्ण केली आणि शेवटी लिहिलं, ‘तात्पर्य : मी यापुढे कधीही खोटं बोलणार नाही.’ बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, ‘हा बोध आहे, तात्पर्य नव्हे’ असा शेरा दिला आणि एक गुण कापला. आईचं म्हणणं असं, की घरातल्या शब्दकोशात दोन्ही शब्दांचे अर्थ जवळपास सारखेच दिले आहेत, मग फरक नेमका कोणता? शिवाय, घरी गोष्ट सांगून झाली की मुलांना ‘तात्पर्य काय?’ असं विचारावं की नाही?

मी पुण्यात एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते. अगदी हाच शेरा मीही कितीतरी वह्यांवर लिहिलेला आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते : बाईंचं बरोबर आहे. गुण मात्र मी कापला नसता.

फरक ओळखायची सगळ्यांत सोपी खूण क्रियापदात आहे. तात्पर्य आपण काढतो. बोध आपण घेतो, किंवा तो आपल्याला होतो. उपदेश करतात, आणि समोरच्याला नकोसा झाला तर तो पाजतात. धडा मिळतो, अद्दल घडते. कुणी न शिकवता आपण ही क्रियापदं बरोबर वापरतो. ‘त्या प्रसंगातून मी चांगलंच तात्पर्य घेतलं’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल. जे काढायचं ते आधी आत असावं लागतं. पाणी विहिरीत असतं म्हणून काढता येतं, काटा पायात असतो म्हणून काढता येतो. तसं तात्पर्य गोष्टीत असतं. बोध गोष्टीत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात होतो. ‘बुध्’ म्हणजे जागं होणं, कळणं. उपदेश तर सांगणाऱ्याच्या तोंडी असतो.

तुमच्या लेकीचं वाक्य ‘मी’पासून सुरू होतं. गोष्टीत लाकूडतोड्या आहे, नदी आहे, देवता आहे, तीन कुऱ्हाडी आहेत. ‘मी’ कुठेच नाही. म्हणजे ती गोष्टीतून बाहेर येऊन स्वतःविषयी बोलते आहे. गोष्ट तिला भिडली आणि तिने मनाशी काही ठरवलं. हा अस्सल बोध आहे. फक्त तो ‘तात्पर्य’ या शब्दापुढे लिहिला गेला.

आता शब्दाकडे जरा निवांत बघू, कारण तो फार देखणा शब्द आहे. सुंदरपासून सौंदर्य, चतुरपासून चातुर्य, मधुरपासून माधुर्य, तसंच तत्परपासून तात्पर्य. ‘तत्पर’ म्हटलं की आपल्याला ‘तत्पर सेवा’ असं लिहिलेली दुकानाची पाटी आठवते, पण लगबगीचा हा अर्थ पुढचा. मुळात तत् म्हणजे ते, आणि पर म्हणजे त्यालाच वाहिलेलं, त्याच दिशेला तोंड असलेलं. भक्तिपर अभंग, उपदेशपर कविता, देशभक्तिपर गीत या शब्दांतला ‘पर’ तोच. तेव्हा एखाद्या बोलण्याचं किंवा गोष्टीचं तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा म्हणजे तात्पर्य. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘शेवटी लिहायचं नीतिवाक्य’ एवढाच करून टाकतो. माझ्या मते सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

जुन्या शास्त्रकारांनी या शब्दावर पुष्कळ खल केला आहे. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणतात, तात्पर्य म्हणजे बोलणाऱ्याची इच्छा. त्यांचं नेहमीचं उदाहरण ‘सैंधव आण’ हे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशचा घोडाही. जेवायला बसलेल्या माणसाने सैंधव मागितलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेल्याने मागितलं तर घोडा. शब्द तोच, प्रसंगावरून तात्पर्य ठरतं. काव्यशास्त्रात आणखी एक झणझणीत उदाहरण देतात : ‘विष खा, पण त्याच्या घरी जेवू नकोस.’ विष खायला कुणी सांगत नाही. ‘त्याच्या घरी जेवू नकोस’ एवढंच त्या वाक्याचं तात्पर्य. आपल्या घरांत हे रोज चालतं. आई ओरडते, ‘बस, बस त्या मोबाइललाच चिकटून!’ आणि पोरगं उठतं. शब्दशः अर्थ ‘बस’, तात्पर्य ‘ऊठ’. सात वर्षांच्या मुलालाही ते बिनचूक कळतं. म्हणून तात्पर्य काढणं ही काही परीक्षेपुरती शिकायची विद्या आहे असं मला वाटत नाही. ती मुलांच्या अंगात आधीपासून असते.

मग एवढ्या लांबलचक गोष्टीचं तात्पर्य ठरवायचं कसं? त्यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, सहा खुणा सांगून ठेवल्या आहेत आणि पुण्याच्या वाचकाला त्या परक्या नसाव्यात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला गीतारहस्य हा ग्रंथ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. गीतेचं तात्पर्य कर्मयोग आहे हे ठरवताना, अगदी पहिल्याच प्रकरणात, त्यांनी याच खुणांचा श्लोक कसोटी म्हणून घेतला आहे :

उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥

साध्या भाषेत सांगायचं तर सुरुवात कशी झाली आणि शेवट कुठे झाला ते बघा. पुन्हा पुन्हा काय आलं ते बघा, इथे ‘अभ्यास’ म्हणजे पुनरुक्ती. दुसरीकडे न सापडणारं असं नवीन इथे काय आहे? शेवटी निष्पन्न काय झालं? स्तुतीसाठी किंवा ओघात आलेला मजकूर कोणता? आणि कोणत्या गोष्टीसाठी कारणं, युक्तिवाद दिले आहेत? या सहा खुणा एका दिशेला बोट दाखवू लागल्या की तात्पर्य हाती लागलं. टिळकांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. गीता सुरू कशी होते? अर्जुन ‘मी लढणार नाही’ म्हणून बसतो. संपते कशी? तो ‘तुम्ही सांगाल तसं करीन’ म्हणून उठतो. ही दोन टोकं सोडून अधलेमधले श्लोक उचलून तात्पर्य सांगू गेलात, तर ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे वेगळं निघेल.

हीच कसोटी मी सातवी-आठवीच्या वर्गात लाकूडतोड्याच्या गोष्टीला लावत असे. संस्कृत शब्द न वापरता. फळ्यावर चार प्रश्न लिहायचे : सुरुवात काय, शेवट काय, परत परत काय येतं, मिळालं काय.

सुरुवातीला गरीब माणूस आहे. त्याचं पोट ज्या एकाच कुऱ्हाडीवर चालतं ती नदीत पडते. परत परत काय येतं? देवता पाण्यातून वर येते आणि विचारते, ‘ही तुझी का?’ सोन्याची कुऱ्हाड, तो म्हणतो नाही. चांदीची, तरीही नाही. लोखंडाची वर आल्यावर तो म्हणतो, हो, हीच. प्रश्न तीनदा येतो. आणि शेवटी मिळतं काय, तर तिन्ही कुऱ्हाडी.

बहुतेक मुलं फक्त शेवट बघतात आणि लिहितात, ‘प्रामाणिकपणाचे फळ गोड असते.’ मार्गदर्शकांतही हेच छापलेलं असतं. चूक नाही, पण हे वाक्य एकट्या फळावर उभं आहे. ‘परत परत काय येतं?’ या प्रश्नाशी थोडा वेळ थांबलं की मुलं वेगळं बोलू लागतात. एकदा एका मुलीने लिहिलं होतं, ‘कितीही गरज असली तरी जे आपलं नाही त्याला आपलं म्हणू नये.’ तिने तीन प्रश्नांकडे बघितलं होतं. बक्षिसाच्या आधी त्या माणसाने दोनदा नाही म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं होतं. मला ते तात्पर्य छापील वाक्यापेक्षा सरस वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण बक्षीस काढून घेतलं तरी ते टिकतं.

इथे आणखी एक सांगते. इसापाच्या जुन्या संग्रहांत ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. हे ऐकून दुसरा एक माणूस मुद्दाम कुऱ्हाड पाण्यात टाकतो, सोन्याची कुऱ्हाड दिसताच ‘माझीच’ म्हणतो आणि त्याची स्वतःची कुऱ्हाडही जाते. तेलही गेलं, तूपही गेलं. मुलांच्या अनेक पुस्तकांतून हा भाग गळतो. गोष्ट तिथे कापली की उपसंहार बदलतो आणि तात्पर्यही बदलतं. दुसरा माणूस असेल तर गोष्टीचं तोंड दोघांच्या तुलनेकडे वळतं : नदी तीच, देवता तीच, उत्तरं मात्र वेगळी. म्हणून संपादन करताना मी लेखकांना सांगते, की गोष्ट लहान करायची असेल तर खुशाल करा, पण जुन्या लांब गोष्टीचं तात्पर्य नव्या छोट्या गोष्टीच्या शेपटीला बांधू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. छापून आलेल्या पुस्तकांत गोष्ट एक आणि तात्पर्य भलत्याच गोष्टीचं, असं मी पाहिलेलं आहे.

गोष्टीच्या खाली ‘तात्पर्य’ लिहायची पद्धत आपल्याकडे रुळली ती मुख्यतः इसापामुळे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली छापली गेली आणि पुढे शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. इसापाच्या संग्रहांतली ही शेवटची वाक्यं पुष्कळदा नंतरच्या संग्राहकांनी जोडलेली आहेत, त्यामुळे एकाच गोष्टीखाली वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं तात्पर्य दिसतं. पंचतंत्रात पद्धत वेगळी. तिथे श्लोक आधी येतो. नको त्या उद्योगात पडणारा, पाचर उपटणाऱ्या माकडासारखा मरतो, असं एक पात्र म्हणतं. दुसरं विचारतं, ‘ते कसं?’ मग गोष्ट सुरू होते. निष्कर्ष आधीच कळलेला असतो आणि तरी आपण ऐकत राहतो, कारण ‘कसं’ हे कळायचं बाकी असतं.

नारदीय कीर्तनाची घडण याच जातीची. पूर्वरंगात अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं आणि मग उत्तररंगात आख्यान. सदाशिव पेठेत नारद मंदिरात आजीबरोबर बसून मी लहानपणी कीर्तनं ऐकली आहेत. आख्यान रंगात आलं की मूळ अभंग विसरायला व्हायचा. शेवटी बुवा पुन्हा त्याच ओळीवर यायचे आणि तासाभरापूर्वी कोरडी वाटलेली ओळ आता भरून आलेली असायची. तात्पर्य या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशाच्या आधी तिथे कळला. बुवांनी ‘म्हणून मुलांनो, असं वागा’ असं क्वचितच म्हटलं असेल.

आता शेजारचे शब्द, भराभर. सारांश म्हणजे मजकूर आटवून लहान केलेला. त्यात घटना येतात, तात्पर्यात येत नाहीत. ‘लाकूडतोड्याने खरं सांगितलं म्हणून त्याला तीन कुऱ्हाडी मिळाल्या’ हा सारांश झाला. भावार्थ कवितेचा किंवा ओवीचा. मथितार्थ म्हणजे घुसळून काढलेला अर्थ. मथित + अर्थ, ताकातून लोणी काढावं तसा. बोलताना आणि हल्ली लिहितानाही ‘मतितार्थ’ करतात, ते टाळावं. फलश्रुती स्तोत्राच्या शेवटी येते, पठण केल्याने काय मिळतं ते सांगणारी. बैठकीची किंवा चर्चेची ‘फलश्रुती’ हा वापर आता रूढ झाला आहे, त्याला माझी हरकत नाही. बोलण्यात ‘तात्पर्य काय, तर आम्ही गेलोच नाही’ असंही आपण म्हणतो. तिथे नीतीचा काही संबंध नसतो, ‘थोडक्यात’ एवढाच अर्थ. या वापरातही शब्दाचा मूळ अर्थ शाबूत आहे : एवढं सगळं बोलणं कुठे येऊन पोचतं, तर इथे.

भाषांतर करणारे नवे लोक मला ‘मॉरलाइज’साठी एक शब्द मागतात. एका शब्दात तो बसत नाही. गोष्टीतून नीती काढून दाखवणं या अर्थी ‘तात्पर्य काढणे’ चालेल. ऊठसूट लोकांना शहाणपण शिकवणं या अर्थी तो वापरला असेल, आणि आज बहुधा तसाच असतो, तर ‘उपदेश करणे’, ‘नीतीचे पाठ देणे’, बोलीत ‘प्रवचन झोडणे’, ‘उपदेशाचे डोस पाजणे’. तिरस्काराचा सूर मूळ वाक्यात किती आहे ते बघून निवडावं. आपल्या भाषेत उपदेशाला मान आहे, पण कोरड्या उपदेशाला कधीच नव्हता. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ आहेच. शिवाय वांगी खाऊ नयेत असं पोथीत सांगून परतताना बाजारातून वांगी घेणाऱ्या पुराणिकबुवांची गोष्ट आहे. कुणी हटकलं तर म्हणाले, ‘ती पुराणातली वांगी पुराणात!’

लेखनाचं एक. तात्पर्य नपुंसकलिंगी आहे, ‘ते तात्पर्य’. रफार द्यायचा, तात्पर्य, तात्पर्याचा, तात्पर्याने. ‘आचाऱ्याला’ मधला ऱ्य इथे चालत नाही, कारण उच्चारताना ‘प’वर जोर येतो : तात्-पर्-य. उत्तरपत्रिकेत ते एकाच वाक्यात, ‘मी’, ‘आपण मुलांनी’ आणि गोष्टीतल्या पात्राचं नाव यांशिवाय लिहावं. लेकीला सांगा, वाक्य लिहिल्यावर ते गोष्टीच्या सुरुवातीशी आणि शेवटाशी जोडून बघ. दोन्हीकडे जुळलं तर ठेव.

गुण मी का कापला नसता, हे सांगायचं राहिलं. तात्पर्य चुकलं, पण ते लिहिणाऱ्या मुलीने गोष्ट स्वतःवर घेतली होती. छापील वाक्य पाठ करून लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात आणि हिचा एक कापला जातो, हे मला पटत नाही. मी शेजारी पेन्सिलीने लिहिलं असतं, ‘छान. हे तुझं झालं. गोष्ट काय म्हणते?’

आणि दुसरा प्रश्न, घरी तात्पर्य विचारावं का. लहान मुलांना विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान गोष्ट संपल्या संपल्या तरी नाही. विचारायचंच असेल तर दोन दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे, ‘त्याने दुसऱ्यांदाही नाही का म्हटलं असेल गं?’ असं विचारा. गोष्टीतल्या एका जागेवर बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात. ‘तात्पर्य काय?’ला ती आपल्याला आवडेल ते उत्तर देतात.

एकदा पाचवीच्या वर्गात मी चिऊ-काऊची गोष्ट घेतली होती. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो. तेच चार प्रश्न फळ्यावर लिहिले. सुरुवात बघणाऱ्यांनी सांगितलं, घर पक्कं बांधावं. परत परत काय येतं ते बघणाऱ्यांनी सांगितलं, ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’. म्हणजे दारात भिजत उभ्या असलेल्याला ताटकळत ठेवू नये. एक मुलगी चिऊच्या बाजूने भांडली, की आईला आधी बाळाचंच बघावं लागतं. शेवटावरून तर वर्गात दोन तट पडले, कारण काहींच्या घरी काऊला चुलीशी बसून चटका बसतो आणि काहींच्या घरी चिऊ त्याला पुसून खाऊ घालते. प्रत्येकाने आपापल्या आजीचा शेवट खरा म्हणून सांगितला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. त्याला विचारलं, तुझ्या घरी शेवट काय होतो? तो म्हणाला, ‘माहीत नाही बाई. चिऊ बाळाला काजळ लावते तोवर मी झोपलेला असतो.’